पूर्वेकडचा तुकडा

"घ्या साहेब, पाहा! दात घासाले तरी कामी येईन का हे?"

इंदू कुचनकारनं तुरीचं झाड उपटून माझ्या नाकासमोर धरलं. झाड कसलं, वीतभर काडी! पानं पिवळी, मुळी टोकाला जळाल्यासारखी. भादवा लागला होता. पश्चिमेकडच्या तुकड्यात हीच तूर, एकाच दिवशी पेरलेली, एकाच पिशवीतल्या बियाण्याची, कमरेला लागत होती. तिच्या मधल्या ओळीत ज्वारी, ज्वारीखाली बरबटीचे, म्हणजे चवळीचे वेल, पाय ठेवायला जागा नाही. आणि इकडे पूर्वेकडची बारा एकर जमीन नुसती रुसून बसली होती.

"पाणी जास्त झालं असेल," मी म्हणालो.

"पानी काय इकडंच पडलं? ढगाले काय बांध समजते?"

बाया हसल्या. मीही हसलो. हसण्यावारी नेणं मला छान जमतं. खाणीत तीस वर्षं ओव्हरमन होतो, पाळीवरच्या माणसांवर देखरेख करायची नोकरी, ती निम्मी याच गुणावर निभावली.

आमचं पिपरडोह वर्धेच्या काठचं गाव. खाली कोळसा निघाला आणि गावची काळी कसदार जमीन उघड्या खाणीत गेली. बदल्यात घरटी एक नोकरी. मला मिळाली, वेणूवहिनीच्या नवऱ्याला, शामराव निब्रडला मिळाली, इंदूच्या सासऱ्याला मिळाली. मग कोळसा संपला, खाण बंद पडली आणि मागे उरला पाण्यानं भरलेला एक खड्डा आणि दगडमातीचा एक डोंगर. त्या डोंगराला आम्ही डम्प म्हणतो. डम्पचा माथा सपाट करून पस्तीस एकर जमीन गावातल्या बायांच्या गटाला तीन वर्षांसाठी कसायला दिली. नागपूरच्या एका संस्थेचा तो प्रयोग होता. नांगर घालायचा नाही, युरिया टाकायचा नाही, काडीकचरा जाळायचा नाही, जमीन एक दिवस उघडी ठेवायची नाही. हवेतला कर्ब झाडांनी ओढायचा आणि मातीत मुरवायचा, म्हणजे जमीनही सुधारेल आणि हवाही. पहिल्या बैठकीत मी हे समजावून सांगितलं, तर इंदू म्हणाली, "म्हंजे तीस वर्षं तुमी खालचा कोळसा वर काढला, आन् आता आमी वरचा कोळसा खाली घालाचा! वा रे वा!"

संस्थेनं मला समन्वयक नेमलं होतं. डम्पची इंच न् इंच माहिती असलेला गावातला माणूस म्हणून.

इंदूनं हातातली काडी फेकून दिली. "पानीबिनी काई नाई, साहेब. आमाले ठाव हाय. मूठच चुकली."

सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या. धुऱ्याजवळ, शेताच्या बांधापाशी, वेणूवहिनी एकटीच खतासाठी लावलेल्या ढेंच्याचा पाला कापून जमिनीवर अंथरत होती. तिनं ऐकलं होतं. तिचा विळा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

आमच्याकडे पेरणीची पहिली मूठ सवाष्णीनं टाकायची असा रिवाज आहे. जूनमध्ये पेरणीच्या दिवशी पश्चिमेला इंदूनं मूठ टाकली. पूर्वेकडच्या तुकड्यासाठी मी वेणूवहिनीला पुढे बोलावलं. तो तुकडा तिनं स्वतःहून मागून घेतला होता. तीन वेळा ती नाही म्हणाली. "नोका भाऊजी, माह्या कपाळाले काय हाय? मी कशी टाकू?" मला चेव आला. "जमिनीला कुंकू दिसत नाही, वहिनी! जमिनीला हात दिसतो!" असं मी चांगलं खणखणीत बोललो. बायांनी टाळ्या वाजवल्या, वहिनीनं मूठ टाकली, तालुक्याच्या पेपरात फोटो आला. फोटोत मी वहिनीपेक्षा मोठा दिसत होतो. ते कात्रण मी आठवडाभर खिशात घेऊन फिरलो.

आता तोच फोटो तिच्या मुळावर आला होता. तूर पिवळी पडायला लागली तशी पूर्वेकडच्या इतर बाया हळूहळू पश्चिमेला सरकल्या. दुपारी डबे सोडताना तिच्याजवळ कुणी बसेना. पोळ्याच्या दिवशी एकीनं पोराला तिच्या हातचा गूळ खाऊ दिला नाही. वहिनी कुणाला काही बोलली नाही. दोन महिने ती त्या आजारी जमिनीला पाला पांघरत राहिली, शेण-गोमूत्र कालवलेल्या जीवामृताच्या बादल्या एकटीनं वाहत राहिली.

त्या दिवशी दहा वाजता साठवणे मॅडम यायच्या होत्या. कृषी महाविद्यालयात त्या माती शिकवायच्या. पूर्वेकडचा तुकडा ठेवायचा की सोडायचा ते त्यांनी ठरवायचं होतं. सोडला, तर त्याला तारेचं कुंपण घालून सुबाभूळ लावणार. तिथल्या इतर बायांना पश्चिमेकडे सामावून घ्यायला गट तयार होता. वेणूवहिनीला घ्यायला कुणी तयार नव्हतं. तुकडा गेला की तीही गेली, इतकं ते सरळ होतं.

मॅडम यायच्या आधी वहिनी माझ्याकडे आली. हात पदराला पुसत म्हणाली, "भाऊजी, हा तुकडा गेला त मी गटातून निघते. पन जाऊ देऊ नोका. एवढं करा माह्यासाठी."

"बघू ना वहिनी. मॅडम काय म्हणतात ते बघू."

बघू! माझ्यासारखा नालायक माणूस शोधून सापडणार नाही. कारण मला बघायचं काहीच नव्हतं. पहिलं पान पिवळं पडलं त्या दिवसापासून कारण मला माहीत होतं.

उघडी खाण खणताना एक नियम असतो. वरची हातदोन हात काळी माती आधी खरवडून वेगळी रचून ठेवायची. मग खालचा खडक काढायचा, कोळसा काढायचा, खड्डे बुजवायचे आणि शेवटी ती काळी माती पुन्हा वर पसरायची. ती माती म्हणजे गावाची ठेव. आमच्या शिवाराच्या मातीचा असा एक लांबलचक ढीग डम्पवर, आताच्या पूर्वेकडच्या तुकड्याच्या जागी होता आणि तो राखणं माझ्या पाळीकडे होतं.

या प्रसंगाच्या नऊ वर्षं आधी, मे महिन्याच्या शेवटी, कोळशाच्या वरचा भुरका खडक टाकायला जागा उरली नाही. नेमून दिलेली जागा दीड किलोमीटर लांब. पाऊस दहा दिवसांवर आलेला, वरचे साहेब खेपा मोजायला येणार होते. एवढ्या लांब डम्पर गेले असते तर दिवसाच्या खेपा निम्म्या झाल्या असत्या आणि माझं नाव खराब झालं असतं. मी डोझरवाल्याला म्हणालो, "लोट ह्या ढिगावरच. सपाट करून टाक." तो म्हणाला, "खाली काळी हाय, भास्कर." मी म्हणालो, "मला दिसत नाही का? पावसाळ्यानंतर काढू वर." तो खाली उतरून उभा राहिला. मी आवाज चढवला, पाळीचा पगार कापायची धमकी दिली. तो पुन्हा वर चढला आणि त्यानं लोटलं. वहीत मी लिहिलं, वरची माती सुरक्षित. पावसाळा गेला, दुसरा आला, काढतो कोण! त्या खडकात गंधक असतं. कोरडा आहे तोवर गरीब, पाणी लागलं की आंबतो आणि मुळ्या जाळतो. हे खाणीतल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. मला तर असतंच असतं.

एक वाक्य बोललो असतो तर वेणूवहिनीच्या हातावरचा डाग पुसला गेला असता. दोन महिने मी ते वाक्य गिळत होतो. मॅडम येतील, दोनचार खड्डे खणतील, खडक लागेल, तुकडा सोडा म्हणतील, सुबाभूळ लागेल आणि सगळं झाकलं जाईल, असा माझा हिशोब होता. वहिनी जाईल याचं वाईट वाटत होतं. पण आपलं नाव जाण्याचं जेवढं वाटतं तेवढं नव्हतं वाटत, हे आज कबूल करतो.

साठवणे मॅडम आल्या. बारीक चणीची, डोक्याला रुमाल बांधलेली बाई. आल्या आल्या चपला काढून तुकड्यात चालल्या. "उरकुडे, कुठं खणू या? तुम्हाला इथलं सगळं ठाऊक आहे म्हणतात."

"ठाऊक आहे ना, मॅडम," मी म्हणालो आणि त्यांना उत्तरेच्या टोकाला घेऊन गेलो. गाडलेल्या मातीच्या ढिगापासून पुरती दीडशे पावलं लांब.

तिथे खणलं. भुरका खडक, पाच फुटांपर्यंत नुसता खडक. दुसरा खड्डा मी अजून पलीकडे दाखवला. तोच खडक. मॅडमनी खडकाचा चुरा बाटलीतल्या पाण्यात हलवला, त्यात कागदाची पट्टी बुडवली, पट्टी लाल झाली. त्यांनी मान हलवली. "आंबट जमीन आहे. इतक्या जाडीचा थर असेल तर काही करण्यात अर्थ नाही. यावर टाकायला आपण चांगली माती कुठून आणणार?"

"तेच म्हणतो मी," मी म्हणालो. सुटलो, असं वाटलं.

बाया भोवती जमल्या होत्या. इंदू म्हणाली, "म्हंजे सोडाचा का तुकडा?"

मॅडम काही बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला. "मॅडम, एक खड्डा इथं खंदून पाहा."

वेणूवहिनी तुकड्याच्या मधोमध उभी होती. दक्षिण धुऱ्यापासून पावलं मोजत गेली असावी, कारण तिची शेवटची दोन पावलं मी पाहिली.

"तिथेही तेच लागणार, वहिनी," मी घाईनं म्हणालो. "उगाच मॅडमना कशाला त्रास?"

"त्यांना कशाला, मीच खंदते."

तिनं कुदळ घेतली. साठीची बाई, पण घाव असे की जमिनीशी जुनं भांडण असावं. मॅडमना मजा वाटली. त्यांनी सोबत आलेल्या गड्यालाही फावडं घेऊन उतरवलं. एक फूट, दोन फूट, भुरका खडक. तीन फूट. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. मी मनातल्या मनात देवाला काय काय बोललो ते सांगत नाही.

चार फुटांवर कुदळ वेगळीच वाजली. खरं म्हणजे वाजलीच नाही. रुतली.

वहिनी खाली बसली, दोन्ही हातांनी उकरलं आणि मूठभर माती वर धरली. काळीभोर. ओलसर. तिच्यात तांदळाएवढे पांढरे शंख होते, वर्धेच्या पुरानं आमच्या शिवारात आणून टाकलेले. दुसऱ्या कुठल्याही गावच्या मातीत ते नाहीत.

"अवं मायबाई!" इंदू ओरडली. "हे त आपल्या शिवारातली काळी!"

मग काय विचारता! बाया खड्ड्यात उतरल्या. कुणी वास घेतला, कुणी गोळा वळून पाहिला, कुणी कपाळाला लावली. एक म्हातारी तर रडायलाच लागली. मॅडम पण गुडघ्यावर बसल्या. "अहो, ही तर सोन्यासारखी आहे! ही वर काढता आली तर काम झालंच की! खडकात चुना मुरवायचा, वर ही पसरायची. नाही सोडायचा हा तुकडा!"

इंदू तोंडाळ आहे, पण मनाची लबाड नाही. तिनं वहिनीचे मातीनं भरलेले हात धरले. "वेणूबाई, चुकलं वं माहं. मूठ तुही चांगलीच होती. जमीनच फसवी निघाली. उद्यापासून डबा माह्यासोबत खायचा, सांगून ठेवते."

वहिनी हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं. मलाही बरं वाटलं, अगदी खरं सांगतो. वाटलं, झालं, निभावलं. तिचंही राहिलं, माझंही राहिलं.

तेवढ्यात मॅडम उठून उभ्या राहिल्या, हात झटकत म्हणाल्या, "पण ही माती एवढी खाली गेली कशी? ही तर सगळ्यात वर यायला हवी. उरकुडे, तुम्ही होतात ना तेव्हा पाळीवर?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

खाणीत काहीही बिघडलं की वरिष्ठांपुढे आम्हा ओव्हरमन लोकांच्या तोंडात एक वाक्य तयार असे. डम्पर कलंडला, खांब पडला, चुकीचा माल चुकीच्या जागी गेला, उत्तर एकच. तीस वर्षं ते वाक्य मी इतक्यांदा बोललो होतो की त्यासाठी विचार करावा लागत नसे. त्या दिवशीही केला नाही.

"ऑपरेटरची चूक, मॅडम," मी म्हणालो. "डोझरवाल्यानं न विचारता लोटलं असणार."

"कोन होता तवा डोझरवर?" इंदूनं विचारलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं. पिपरडोहमधून डोझर चालवणारा एकच माणूस होता. इंदूच्याही लक्षात आलं, कारण विचारून झाल्यावर तिनं जीभ चावली. एकेकीच्या लक्षात येत गेलं. तो माणूस सहा वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला होता आणि त्याची बायको माझ्यासमोर चार फूट खड्ड्यात माती हातात घेऊन उभी होती.

वेणूवहिनीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी आणखी काही बोलतो का, याची ती वाट पाहत होती. पुष्कळ वेळ पाहिली. एवढ्या वेळात माणूस दहा वाक्यं बोलू शकतो. मी मॅडमच्या वहीकडे पाहत राहिलो.

"आमचेच होते डोझरवर," वहिनी शेवटी म्हणाली. "त्याईच्याच हातानं झालं."

इंदूनं तिचे हात सोडले. वर येताना वहिनीला हात द्यायला मॅडम पुढे झाल्या, गावातली कुणी झाली नाही. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "पाहा ना, आपल्याच मानसानं आपली काळी गाडली."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात बसून बरबटीच्या शेंगा सोलत होती. "बसा भाऊजी," म्हणाली. चहा ठेवायला उठली, मी नको म्हटलं तरी ठेवला. कप हातात दिला आणि पुन्हा शेंगा घेतल्या.

"वहिनी, शामरावदादा..." मी कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "वहिनी, त्या दिवशी दादांनी..."

"मले माहीत हाय, भाऊजी."

"काय माहीत आहे?"

"सगळं. ते त्या दिवशी घरी आले आन् जेवलेच नाई. म्हने, भास्करनं आपली काळी गाडाले लावली आन् मी गाडली. नाई म्हनाले पाहिजे होतं, नाई म्हनता आलं नाई. मरतवरी तेच. दक्षिणच्या धुऱ्यापासून त्रेसष्ट पावलं, ध्यानात ठेव म्हने, कधी ना कधी काढाची हाय. म्हून त मी तो तुकडा मागतला."

कप माझ्या हातात तसाच राहिला. "मग दोन महिने बाया तुम्हाला एवढं बोलल्या, तेव्हा का नाही सांगितलं?"

"काय सांगू? काळी कोनं गाडली विचारलं असतं ना! माह्या हाताले नाव ठेवलं, ठेवू द्या. माहं काय जाते? त्याईच्या नावाले लागू नाई म्हून चूप होते." शेंगेतले दाणे तिच्या बोटांतून सांडले, ते तिनं एक एक वेचले. "वाटलं, आज माती निघाली की कोनी इचारलं त तुमी सांगान. तुमी पुढारी मानूस, शिकलेला मानूस, निभावून न्यान. अन् तुमी त... ते तुमाले सख्ख्या भावासारखं मानत होते, भाऊजी."

मला तोंड वर करवेना. "वहिनी, माफ करा मला. मी पाया पडतो तुमच्या."

"मले नोका मागू माफी. मले त ठावंच हाय, मले सांगून काय फायदा? उद्या सकाळी समद्या बाया येते, मॅडमबी हाय. तिथं सांगा. लय नाई, दोनच शब्द. त्यानं नाई, मी."

"सांगतो," मी म्हणालो. "उद्या सांगतो. शपथ."

आणि खोटं नव्हतं ते. घरी येताना मी ते वाक्य मोठ्यानं बोलून पाहिलं. सकाळी अंघोळ करताना पुन्हा बोलून पाहिलं. काही अवघड नव्हतं. जाईल समन्वयकाची नोकरी, जाऊ दे. चार लोक थुंकतील, थुंकू देत.

सकाळी खड्ड्याजवळ चाळीसेक बाया जमल्या. फावडी, टोपल्या, कुदळी. वेणूवहिनी सगळ्यांच्या पुढे येऊन बसली होती. एरवी ती मागे बसायची. धुतलेलं लुगडं नेसली होती, केस नीट चोपून बांधले होते. नवऱ्याचं काही चांगलं ऐकायला आल्यासारखी बसली होती ती.

मॅडम म्हणाल्या, "बोला उरकुडे, सुरुवात तुम्ही करा."

मी उभा राहिलो. "बायांनो," मी म्हणालो, "काल जी माती सापडली, त्याबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे."

सगळ्या ऐकू लागल्या. वहिनीनं मान वर केली.

"ती गोष्ट अशी, की..."

"साहेब, लाजता कायले?" इंदू मधेच म्हणाली. "तुमी मॅडमले आनलं म्हून त काळी सापडली! नाई त आमी बसलो असतो मुठीले नावं ठेवत. वाजवा वं टाळ्या साहेबासाठी!"

टाळ्या वाजल्या. चाळीस बायांच्या टाळ्या, अगदी मनापासून. थांबेपर्यंत मी थांबलो. थांबल्या, तरी माझं तोंड उघडेना. मग उघडलं. मी म्हणालो, "तर गोष्ट अशी, की एकदम सगळं उकरायचं नाही. आधी दहा फुटांचे पट्टे पाडायचे. चुना एकरी किती, ते मॅडम सांगतील. वर काढलेली माती त्याच दिवशी पाल्यानं झाकायची, उन्हात ठेवायची नाही." असं मी वीस मिनिटं बोललो. फार चांगलं बोललो म्हणे. साठवणे मॅडमनी लिहून घेतलं.

वेणूवहिनीनं शेवटपर्यंत ऐकलं. मधून उठून गेली नाही, पदर तोंडाला लावला नाही. माझं बोलणं संपल्यावर तिनं टोपली उचलली आणि सगळ्यांच्या आधी खड्ड्यात उतरली.

त्याला आता अकरा वर्षं झाली. माती वर काढायला तीन उन्हाळे लागले. एकही दिवस वहिनीनं खाडा केला नाही. माझ्याशी ती बोलायची, कामापुरतं, भाऊजी म्हणूनच. तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. दरवर्षी मी ठरवायचो, यंदा सांगू. गेल्याच्या गेल्या वर्षी ती वारली. तिच्या तेरवीला मी जेवलो. लाजेनं माणूस मरत नाही, चांगला जेवतो, पचवतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

गटाची तीन वर्षांची मुदत पुढे वाढत गेली आणि आज पूर्वेकडचा तुकडा पस्तीस एकरांत सगळ्यात सरस आहे. दुसऱ्या खाणींजवळच्या गावांतून माणसं बघायला येतात. मागच्या महिन्यात एक बस भरून आली होती. इंदूची धाकटी सून त्यांना हिंडवून दाखवत होती. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झालीत. शामरावला तिनं पाहिलेलं नाही. तिच्यामागून मीही काठी टेकत चाललो होतो. तुकड्याजवळ येऊन ती थांबली आणि पाठ केल्यासारखं सांगू लागली, "हे आमचं शामरावनं गाडलेलं वावर. गावाची काळी माती त्यानं खडकाखाली गाडून टाकली होती. मग आमच्या उरकुडे साहेबांनी ती शोधून काढली. हेच ते साहेब."

सगळी माणसं माझ्याकडे वळली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि मला हात जोडले.

मीही जोडले.